दोन रोटरांमधली फट

प्रस्तावना

इंजिन बदलायला घेतलेल्या गाडीशेजारी बाकावर ईटन कंपनीचा एखादा एम-62 सुपरचार्जर काढून ठेवलेला असतो. तेलकट, धुळीने माखलेला, ॲल्युमिनियमवर पांढरट डाग पडलेले. गॅरेजमधल्या कुणाचाही हात आपसूक डिझेलच्या डब्याकडे आणि ब्रशकडे जातो. गिअरबॉक्स तसाच धुतात, कार्ब्युरेटरही तसाच धुतात, आणि ते बरोबरच आहे. सुपरचार्जर मात्र तसा धुवायचा नाही. का नाही, आणि मग कसा, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

कारण आतल्या रचनेत आहे. लांबट ॲल्युमिनियमच्या पेटीत दोन पिळदार रोटर एकमेकांत गुंतून उलटसुलट फिरतात. ते एकमेकांना कधी टेकत नाहीत आणि पेटीच्या भिंतीलाही टेकत नाहीत. पुढच्या बाजूला दोन गिअर असतात. त्यांनी दोघांची चाल अशी बांधलेली असते, की मिलिमीटरच्या जेमतेम अंशाची फट राहते. रोटरांच्या खोलीत तेल नसतं, पिस्टनला असतात तशा रिंगा नसतात. हवा अडवायचं काम ती फटच करते. ती आणखी बारीक करण्यासाठी ईटनच्या रोटरांवर पातळ लेप दिलेला असतो. पुढच्या गिअरच्या खोलीत थोडं स्वतंत्र तेल असतं, आणि मागच्या टोकाला बारीक सुयांची बेअरिंगं कारखान्यातच ग्रीस भरून कायमची बसवलेली असतात. या कोरड्या आणि ओल्या भागांमध्ये काय ते फक्त ऑइल सील.

आता डिझेल किंवा ब्रेक क्लीनर ओतून तो घासला, तर काय होतं? रोटरांवरची काजळी जाते, सगळं लखलखतं, आणि त्याच वेळी पातळ झालेली घाण सीलच्या कडेने मागच्या बेअरिंगमध्ये उतरते. तिथलं ग्रीस विरघळतं. गाडी चालू केल्यावर लगेच काही जाणवत नाही. काही काळाने आवाज येऊ लागतो, शाफ्ट किंचित खाली बसतो, आणि इतका काळ एकमेकांपासून दूर राहिलेले रोटर घासायला लागतात. तोवर ती धुलाई कुणाच्या लक्षातही नसते.

सुपरचार्जर हे हवेचं माप आहे. चार स्ट्रोकचं 1.8 लिटरचं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात साधारण 0.9 लिटर हवा ओढतं. एम-62 नावातले 62 म्हणजे एका फेऱ्यात 62 घनइंच, जवळपास 1 लिटर हवा पुढे ढकलणं. पुलींचं प्रमाण दीडपट ठेवलं, तर इंजिनाला हवी आहे 0.9 लिटर आणि मिळते आहे 1.5 लिटर. जास्तीच्या हवेला जागा नसते, म्हणून मॅनिफोल्डमधला दाब वाढतो. त्यातली थोडी हवा रोटरांच्या फटीतून उलटी गळते. कमी वेगात ही गळती जास्त जाणवते, कारण फट तेवढीच आणि हवेला मागे जायला वेळ भरपूर. झिजलेल्या सुपरचार्जरची गाडी खालच्या आरपीएमला सुस्त वाटते आणि वर गेल्यावर बरी धावते, ती याचमुळे.

उष्णतेचा हिशोबही इथेच करून टाकू. बाहेरची हवा 27 अंश सेल्सिअस आणि दाब 1.7 पट केला, तर आदर्श यंत्रातही ती सुमारे 76 अंशांवर जाते. अशा दोन रोटरांच्या, म्हणजे रूट्स पद्धतीच्या, यंत्राची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर आकडा 109 च्या आसपास येतो. एवढी गरम हवा इंजिनात गेली की नॉकिंग होतं, म्हणून मधे इंटरकूलर. आणि इंटरकूलरच्या आत इंजिनाच्या ब्रीदरमधून आलेल्या तेलाचा थर बसला असेल, तर तो नीट थंड करत नाही. म्हणून या पुस्तकात सुपरचार्जरची सफाई म्हणजे एअर फिल्टरपासून इनटेक व्हॉल्व्हपर्यंतच्या सगळ्या वाटेची सफाई, असं धरलं आहे.

हे यंत्र मोटारीपेक्षा जुनं आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल इथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. पाण्यावर चालणारं चक्र सुधारताना त्यांच्या हाती ही रचना लागली. पाण्यापेक्षा हवा ढकलायला ती सरस ठरली आणि 1860 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायला आणि खाणींत हवा खेळवायला हे ब्लोअर जाऊ लागले. इंजिनात जादा हवा कोंबण्याची कल्पना गॉटलीब डाइमलरच्या 1885 च्या पेटंटात आहे. विक्रीच्या मोटारीत ती मर्सिडीजने 1921 च्या बर्लिन प्रदर्शनात दाखवली.

पुढच्या दोन वर्षांत जे घडलं, ते या पुस्तकाच्या दृष्टीने इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान आहे. 1923 च्या फ्रेंच ग्रांप्रीत, तूर इथे, फियाटने सुपरचार्जर बसवलेल्या 805 गाड्या उतरवल्या. वेगात त्यांना तोड नव्हती. पण हवा घेण्याचं तोंड उघडं होतं. रस्त्यावरची धूळ आणि खडी आत खेचली गेली आणि एकेक करत सगळ्या फियाट बाद झाल्या. शर्यत सनबीमने जिंकली. फियाटने आधीचा पात्यांचा सुपरचार्जर काढून रूट्स पद्धतीचा बसवला, आणि त्याच वर्षी मोंझाला इटालियन ग्रांप्री जिंकली. सुपरचार्जरवाल्या गाडीचा ग्रांप्रीतला तो पहिला विजय. विजयाची तारीख सगळ्या पुस्तकांत असते. तूरची धूळ मात्र एका ओळीत उरकली जाते. माझ्या मते फिल्टरच्या पेटीला पडलेली चीर किंवा सैल झालेला क्लॅम्प तपासणाऱ्या प्रत्येकाने तूर आधी वाचावं.

यानंतर दोन दशकं सुपरचार्जरची होती. बेंटलीच्या साडेचार लिटरच्या ‘ब्लोअर’ गाड्या शर्यतपटू टिम बर्किनच्या आग्रहातून आल्या. अभियंता ॲमहर्स्ट व्हिलियर्सने घडवलेला रूट्स रेडिएटरच्याही पुढे, उघड्यावर लटकत असे. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हा प्रकार मुळातच पटला नव्हता. त्यांना ताकद वाढवायची तर इंजिन मोठं करायचं होतं. 1930 च्या फ्रेंच ग्रांप्रीत ब्लोअर बेंटली दुसरी आली, पण त्या वर्षीची ल मांची शर्यत जिंकली ती सुपरचार्जर नसलेल्या स्पीड सिक्सने. हा वाद आजही गॅरेजमध्ये चालतो, फक्त नावं बदललेली असतात. आपल्याकडच्या संस्थानिकांनाही या यंत्राची ओढ होती. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकेतून डुसेनबर्ग एसजे मागवली होती, आणि तिच्या इंजिनावर पंख्यासारख्या चाकाचा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर होता. त्याच सेंट्रिफ्युगल जातीने दुसऱ्या महायुद्धात विमानं उंच नेली. रोल्स-रॉइसमध्ये स्टॅन्ली हुकर या गणितज्ञाने मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरचा पुन्हा हिशोब मांडला, आणि 1942 मध्ये दोन टप्प्यांचं, मधे हवा थंड करणारं मर्लिन 61 स्पिटफायरमध्ये आलं.

कन्व्हर्जनच्या, म्हणजे एका इंजिनाचा सुपरचार्जर दुसऱ्यावर बसवण्याच्या, दृष्टीने खरी सुरुवात मात्र युद्धानंतरच्या अमेरिकेतल्या भंगारात झाली. जनरल मोटर्सचं 6-71 हे दोन स्ट्रोकचं डिझेल इंजिन होतं. सहा सिलिंडर, प्रत्येकी 71 घनइंच. दोन स्ट्रोकचं हे इंजिन स्वतः हवा ओढू शकत नाही, म्हणून त्याला कारखान्यातूनच रूट्स ब्लोअर लावलेला असे. ट्रकांतून आणि युद्धातल्या उरल्यासुरल्या मालातून निघालेले हे ब्लोअर पोरांनी उचलले आणि पेट्रोलच्या व्ही-8 इंजिनांवर बसवले. एका यंत्राचा अवयव दुसऱ्या यंत्रावर बसवणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः शिकून घेतलं. ब्रॅकेट कसा घडवायचा, पुली किती मोठी ठेवायची, फट किती सोडायची. आजही अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरवर 14-71 नावाचा त्याच घराण्यातला ब्लोअर असतो.

रोजच्या गाडीत सुपरचार्जर परत आला तो 1980 च्या दशकात. टोयोटाने 1.6 लिटरच्या 4ए-जीझेडई इंजिनावर एससी-12 बसवला. त्याच्या पुलीत विजेवर चालणारा क्लच होता, म्हणजे गरज पडली की जोडायचा, नाहीतर मोकळा. फोक्सवॅगनने पोलो जी-40, गोल्फ आणि कोराडो जी-60 मध्ये वेगळीच सर्पिल रचना आणली. 1989 च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपेवर ईटनचा एम-90 आला आणि तिथून ईटनची घोडदौड सुरू झाली. जनरल मोटर्सचं 3800, जॅग्वार, मर्सिडीजच्या कॉम्प्रेसर गाड्या, आणि 2002 ते 2006 ची मिनी कूपर एस. नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले. सुपरचार्जर क्रँकचीच ताकद खातो आणि टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर चालतो, हा फरक निर्णायक ठरला. एकामागून एक कंपन्या टर्बोकडे वळल्या.

या विषयाची आजची निकड त्यातूनच आली आहे. स्वॅपसाठी हाती येणारे बहुतेक ईटन आता वीस वर्षांच्या आसपासचे आहेत. आपल्याकडे सी-क्लास कॉम्प्रेसर गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोचल्या आहेत, त्यांच्या सुट्या भागांसाठी लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरताना दिसतात. परदेशात, विशेषतः इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात, एम-62 किंवा मिनीचा एम-45 काढून मझदा एमएक्स-5 सारख्या हलक्या गाडीवर बसवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात मराठी इंजिनिअरही आहेत. या सगळ्यांच्या हाती नवं यंत्र येत नाही. कुणीतरी एकदाही तेल न बदलता लाख किलोमीटर फिरवलेलं यंत्र येतं.

सुपरचार्जरच्या जाती चार, आणि निगा प्रत्येकीची वेगळी. रूट्सबद्दल वर आलंच. स्वीडिश अभियंता आल्फ लिशोल्म यांच्या नावाने ओळखला जाणारा स्क्रू त्याच्यासारखा दिसतो, पण त्याचे दोन रोटर असमान असतात आणि हवा पेटीच्या आतच दाबली जाते. कार्यक्षमता चांगली, पण घडण इतकी नेमकी की घरच्या गॅरेजात तो उघडू नये हे माझं स्पष्ट मत आहे. सेंट्रिफ्युगल जातीत चूक होते ती तेलाची. काहींना इंजिनाच्या तेलाची नळी लागते, काहींचं तेल आतच असतं. डेन्मार्कच्या रोट्रेक्समध्ये तर गिअरऐवजी गुळगुळीत रोलर घर्षणावर चालतात आणि त्यांना खास द्रवच लागतो. दुसरं कुठलंही तेल घातलं की ड्राइव्ह घसरतो.

फोक्सवॅगनच्या सर्पिल जी-लाडरवर थोडं थांबायला हवं. त्याच्या सर्पिल भिंतींच्या कडांवर बारीक पट्ट्या असतात, त्याच हवा अडवतात आणि त्या झिजतातच. आत दोन शाफ्टना जोडणारा एक छोटा दातेरी पट्टा असतो. तो तुटला तर सर्पिल फुटतं आणि त्याचे तुकडे पुढे इंटरकूलरच्या दिशेने जातात. ठरावीक काळाने उघडून पट्ट्या, सील आणि पट्टा बदलणं या यंत्रात अटळ आहे. रूट्सवर वाढलेला मेकॅनिक ‘चालतंय ना, हात लावू नको’ म्हणतो, आणि नेमका इथेच तो सल्ला महागात पडतो.

या सल्ल्यावरून जाणकारांचे दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, सीलबंद आहे तोवर उघडू नका. दुसरा म्हणतो, बाकावर आलाय तर सगळा खोला. हे पुस्तक कुठल्याही एका बाजूला पूर्ण झुकत नाही, पण माझा कल लपवत नाही. तेल आणि पुढचं नाक, म्हणजे पुली, शाफ्ट, तिथली बेअरिंगं आणि कपलर, हे कन्व्हर्जनमध्ये बघितलंच पाहिजे. रोटरांची पेटी मात्र पुरावा असल्याशिवाय उघडू नये. पुरावा मिळवणं अवघड नाही. पुली हाताने सावकाश फिरवा. हात थांबतो का, कुठे खरखर लागते का? पुली धरून वर-खाली हलवा, प्ले आहे का? मग हवा आत घेणाऱ्या तोंडातून टॉर्च मारा. रोटरांवर तेलाचा पातळ ओलावा दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो बहुधा ब्रीदरचा असतो. पण पेटीच्या भिंतीवर फेऱ्याच्या दिशेने चमकदार ओरखडे दिसले, तर रोटर टेकले आहेत. तिथे सफाई पुरेशी नाही, बेअरिंग गेलं आहे.

ईटनच्या बऱ्याच नमुन्यांत तेल भरायला एकच प्लग असतो, काढायला वेगळा नसतो. सिरिंजला बारीक नळी लावून ते ओढून घ्यावं लागतं. जुनं तेल काळपट येतं आणि त्याला असा उग्र जळका वास असतो की एकदा घेतला तर विसरत नाही. तो वास म्हणजे बिघाड नव्हे. तेल पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात धरा. चमचमणारे कण दिसले, तर गिअर किंवा बेअरिंग झिजतंय. नवं तेल यंत्र सपाट आणि थंड असताना, प्लगच्या आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत. त्याहून जास्त घातलं तर सील ओलांडून ते रोटरांत येतं. गाडी न्यूट्रलला असताना पुढून खडखड येते आणि रेस दिली की थांबते, अशी तक्रार असेल तर बहुधा कपलर झिजला आहे. 3800 इंजिनांच्या एम-90 मध्ये हा दोष इतका नेहमीचा की त्यासाठी वेगळा कपलर बाजारात मिळतो.

मिनीच्या एम-45 मध्ये आणखी एक मेख आहे. त्याच्या मागच्या टोकाला गिअर आहेत आणि त्यांवर इंजिनाचा वॉटर पंप चालतो. त्या टोकाला तेलाची वेगळी छोटी खोली आहे. तिथलं तेल वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, ते आटतं, दाते झिजतात, आणि एक दिवस सुपरचार्जर ठणठणीत असताना इंजिन तापून बसतं. असा एम-45 दुसऱ्या इंजिनावर चढवायचा, तर ते टोक प्लेट लावून बंद करायचं की चालू ठेवायचं, हे ब्रॅकेट कापण्याआधी ठरलेलं हवं.

रोटर पुसायचे तर धागे न सुटणाऱ्या कापडाला अगदी थोडं सॉल्व्हंट लावून, बेअरिंगचं टोक वर राहील असा कल ठेवून, हाताने रोटर फिरवत. तारेचा ब्रश नको, घासणी नको. आणि कॉम्प्रेसरची हवा मारून रोटर गरगर फिरवायचे नाहीत. शिट्टीसारखा आवाज येतो म्हणून हे सगळीकडे करतात. वाळलेला कण तेवढ्यात लेपाला चिरत जातो. बायपास व्हॉल्व्हचा पडदा काजळीने चिकटला नाही ना, हेही त्याच वेळी बघावं. तो बंद अडकला तर साध्या वेगातही हवा विनाकारण तापते, आणि उघडा अडकला तर दाबच येत नाही. अशा वेळी दोष सुपरचार्जरला दिला जातो.

या कामाला लागणारं कसब आपल्याकडे नवीन नाही. पेट्रोलच्या जीप आणि ॲम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवणारे मिस्त्री महाराष्ट्रात गावोगावी होते. माउंटिंग आणि अडॅप्टर प्लेट त्यांच्या हातातली गोष्ट. आणि रूट्स ब्लोअर तर आपल्या शेजारीच चालतोय. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या हाउसिंग सोसायट्यांच्या सांडपाणी प्रकल्पात टाकीत हवा सोडणारं ते घरघरणारं यंत्र त्याच घराण्यातलं आहे. एमआयडीसीत असे ब्लोअर दुरुस्त करणारे फिटर टायमिंग गिअर बसवून फिलर गेजने लोबची फट जुळवतात. मोटारीच्या गॅरेजला त्यांचा पत्ता नसतो, त्यांना मोटारीच्या सुपरचार्जरची ओळख नसते. या दोघांना एकत्र आणता आलं, तर मराठीत असं पुस्तक काढल्याचं चीज होईल. म्हणूनच इथली भाषा गॅरेजची ठेवली आहे. ‘बेअरिंग’ला बेअरिंगच म्हटलं आहे.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे. गाडीवरून काढण्याआधीच्या तपासणीपासून, पुढच्या इंजिनावर बसवून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत. ताकद वाढवण्याचे मार्ग यात मुद्दाम कमी आहेत. लहान पुली लावून दाब वाढवायचं साहित्य पुष्कळ आहे, आणि लहान पुली म्हणजे जास्त फेरे, जास्त उष्णता, बेअरिंगवर जास्त ताण. घरी घडवलेल्या ब्रॅकेटमध्ये पुलींची रेघ जुळली नाही, तर पट्टा सुतं सोडतो आणि नाकाचं बेअरिंग जातं. त्या रेघेवर मी पुलीच्या मापापेक्षा जास्त पानं खर्च केली आहेत. कॉम्प्रेशनच्या प्रश्नालाही पुरेशी जागा दिली आहे. टोयोटाचं साधं 4ए-जीई 9.4 कॉम्प्रेशनचं होतं आणि सुपरचार्जरवालं पहिलं 4ए-जीझेडई 8.0 चं. एकाचा सुपरचार्जर काढून दुसऱ्यावर नुसता बोल्टने आवळणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

कायद्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे अधोरेखित केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि नोंदणीपुस्तकात नव्या इंजिनाचा क्रमांक हवा. भारतातल्या वाचकासाठी या पुस्तकातली कन्व्हर्जनची प्रकरणं म्हणूनच ट्रॅकवरच्या गाडीची आहेत. ज्या गाडीत सुपरचार्जर कारखान्यातूनच आला आहे, तिच्या मालकाने सफाई, तेल आणि कपलरची प्रकरणं थेट वापरावीत. टॉर्कचे आकडे आणि तेलाचं नेमकं माप मात्र आपल्या नमुन्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावं. एम-45 आणि एम-62 शेजारी ठेवले तर भावंडं वाटतात, पण त्यांच्या तेलाचं माप एक नाही. म्हणून ते आकडे या पुस्तकात छापलेले नाहीत.